खंडेनवमीचा कॅमेरा

तेलगाव
२ सप्टेंबर २०२४

सुकन्याअक्कास,
केदारचा नमस्कार.

हे पत्र तुला मिळेल की नाही माहीत नाही. पत्ता आज्जांनी तोंडी सांगितला होता. 'गेवराई, हायवेला, लखनचं टायरचं दुकान, कुणीबी सांगतंय.' तुझा जुना नंबर लावून पाहिला. तो आता कुठल्या तरी ट्रॅक्टरवाल्याकडे आहे.

आज्जा गेले. श्रावणातल्या सोमवारी सकाळी. पूजा झाली, विभूती लावली, आईला चहा टाकायला सांगितला आणि भिंतीला टेकून बसले. आई कप घेऊन आली तर तसेच बसलेले. आईला वाटलं डोळा लागला. तिने कप खाली ठेवून वर बशी झाकली.

तुला लगेच कळवायला हवं होतं. मी आप्पांना विचारलं होतं. ते म्हणाले, नंतर बघू. मग माणसं जमली, अंत्यविधीला जंगम आले, आणि ते 'नंतर' आलंच नाही.

आज्जांना दुपारी बैठकीत बसवलं. कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात हार, तळहातावर इष्टलिंग. पंचक्रोशीत आपल्या समाजातलं कुणीही गेलं, की असा बसवलेला शेवटचा फोटो काढायला आज्जांनाच बोलावणं यायचं. त्यांचा स्वतःचा फोटो काढायला मात्र कुणी नव्हतं. मावसभावाने मोबाइलवर काढला. आज्जांची मान सारखी डावीकडे कलत होती. कुणीतरी म्हणालं, मागून कापडाने बांधा. आप्पा उठले, मागच्या चादरीआड गेले आणि दोन्ही हातांनी आज्जांचं डोकं धरून बसले. फोटोत ते दिसत नाहीत. कानांच्या मागे बोटांची टोकं तेवढी दिसतात.

तू ऐकलं असशील, स्वतःच्या लग्नाआधी आप्पांना हेच काम होतं. आज्जा फोटो काढायचे आणि आप्पा चादरीआड बसून मयताचं डोकं धरायचे. त्या कामापायीच त्यांनी स्टुडिओचं नाव टाकलं आणि किराणा दुकान काढलं. नंतर ते कधी कॅमेऱ्यासमोर बसले नाहीत. त्यांच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा ते खालीच बघतायत.

आता मुख्य गोष्ट. आज्जांनी त्यांचा यशिका कॅमेरा मला दिला. जायच्या आठवडाभर आधी आईसमोर म्हणाले, 'कॅमेरा केदारला द्या. त्याला काय बी कळत न्हाई त्यातलं.' आणि हसले. मला थोडं लागलं. स्टुडिओत त्यांच्यापाशी तूच बसायचीस. रोल भरायचीस, अंधाऱ्या खोलीत जायचीस. मी लहानपणापासून गल्ल्यावर. कॅमेरा चामड्याच्या पेटीत माझ्या कपाटात आहे. मी बाहेर काढलेला नाही. तो कसा चालवतात हे मला सांगशील का? किंवा तुलाच हवा असेल तर तसं कळव.

तू लखनदाजींशी लग्न करून गेलीस, त्याला चार वर्षं झाली. घरात तुझं नाव निघत नाही. मीही काढलं नाही.

तुझा
केदार

*

तेलगाव
१९ ऑक्टोबर २०२४

सुकन्याअक्कास,
केदारचा नमस्कार.

तुझं पत्र परवा मिळालं. दुकानाच्या पत्त्यावर आलं आणि पोस्टमनने माझ्याच हातात दिलं, हे बरं झालं. मी ते पोत्यांच्या मागे बसून वाचलं. मग पुन्हा वाचलं.

आज्जा तुझ्याकडे येऊन गेले, हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. आषाढात एका सोमवारी ते कपिलधारला दर्शनाला म्हणून निघाले होते. पिशवी जड दिसत होती. आईने विचारलं तर म्हणाले, नारळ हायत. तो कॅमेरा होता, हे आता कळलं. या वयात एसटीने बीडला, तिथून गेवराईला आणि संध्याकाळपर्यंत परत. घरी आल्यावर आईने प्रसाद मागितला, तर म्हणाले, वाटंत वाटून टाकला. देवाच्या नावाने खोटं बोलणारा माणूस नव्हता तो.

तू लिहिलंस ते सगळं डोळ्यांपुढे आलं. ते दुकानासमोर उतरून टायरांच्या ढिगाकडे बघत उभे राहिले. दाजींनी त्यांना ओळखलं नाही आणि विचारलं, कोणती गाडी हाय बाबा. तुझ्या सासूबाई ताराबाई मेंढरं टाकून घरी आल्या आणि त्यांनी चुलीवर भाकरी केल्या. आज्जांनी दूध मागून घेऊन भाकरी कुस्करून खाल्ली. त्यांनी तुमचे फोटो काढले आणि शेवटी कॅमेरा तुझ्या हातात देऊन तुझ्या लेकाला, माऊलीला, मांडीवर घेऊन बसले. म्हणजे शेवटचा फोटो तू काढलेला आहे.

ताराबाई येता जाता म्हणतात ना, 'तुझ्या माहेरचं एक कुत्रं बी फिरकलं न्हाई.' आणि आज्जा आले होते म्हटलं, तर म्हणतात, 'चोरून आलेलं माणूस आलं म्हणत्यात का?' तो फोटो भिंतीवर लागला की त्यांचं बोलणं थांबेल, असं तू लिहिलंस. माऊलीलाही दाखवता येईल, हा तुझा पणजोबा म्हणून. मला समजलं.

तू विचारलंस, रोल आत आहे का. आहे. आज्जा तुला म्हणाले होते, 'एकदम धुऊन आणतो', आणि ते राहून गेलं. तू बजावलंयस की झाकण उघडू नकोस, खालची कळ फिरवू नकोस. मी झाकणाला हात लावलेला नाही. पुण्यात असे रोल धुणारा एक जण आहे, इंटरनेटवर सापडला. काळ्या कापडात गुंडाळून त्याच्याकडे पाठवतो.

माझ्या पत्रावर तारीख सप्टेंबरची आणि शिक्का ऑक्टोबरचा कसा, असंही तू विचारलंस. पोस्टाचं तुला माहीतच आहे.

आप्पा बरे आहेत. आईच्या गुडघ्याचं तेच. माऊली बोलायला लागला का?

तुझा
केदार

*

तेलगाव
१० नोव्हेंबर २०२४

सुकन्याअक्कास,

मागच्या पत्रात मी एकही वाक्य खोटं लिहिलं नव्हतं, एक सोडून. पोस्टाची काही चूक नव्हती. पत्र मी सप्टेंबरात लिहिलं आणि गल्ल्याच्या खालच्या खणात ठेवलं. रोज वाटायचं, आज टाकू. टपालपेटी दुकानातून दिसते. पण आप्पा समोर बसलेले असायचे, आणि पेटीकडे जाताना ते विचारतील, कुणाला लिहिलंस, एवढ्याच भीतीने महिना गेला. शेवटी ते बाजाराला वडवणीला गेले त्या दिवशी टाकलं. दोन दिवसांवर खंडेनवमी होती.

वेळेवर टाकलं असतं, तर तुझं उत्तर गणपतीतच आलं असतं. मग पुढचं झालं नसतं.

आपल्यात सुतक पाळत नाहीत, म्हणून पूजा नेहमीसारखीच होती. खंडेनवमीला आपल्या घरी काय असतं ते तुला सांगायला नको. वस्तू नुसती पुसून ठेवत नाहीत, उघडून ठेवतात. कातर उघडी, गल्ल्याचा खण उघडा, तागडीची पारडी सोडवून शेजारी, आईच्या शिलाई मशीनचं झाकण वर. दिवसभर ती तशीच राहतात आणि दुसऱ्या दिवशी सीमोल्लंघनाला निघायच्या आधी आप्पा एकेक मिटतात. इतक्या वर्षांत त्यात कॅमेरा कधी नव्हता. आज्जा तो स्टुडिओत वेगळा पुजायचे आणि आप्पा तिकडे फिरकायचे नाहीत.

या वर्षी आप्पांनी सकाळी मला सांगितलं, कॅमेरा आण. मला वाटलं, चूक ऐकलं. त्यांनी पेटी उघडली, कॅमेरा मांडीवर घेतला, आज्जांचं जुनं धोतर फाडून त्याचा तुकडा केला आणि अर्धा तास पुसत बसले. मग खालची कळ फिरवून मागचं झाकण उघडलं. त्यांना कळ बरोबर सापडली. आतून फुंकर मारली, विभूतीचं बोट ओढलं, कुंकू लावलं आणि तसाच उघडा पाटावर ठेवला. मी त्याच्यासमोर झेंडूची फुलं ठेवली. माझ्या हाताने ठेवली, अक्का. आत कागदाची गुंडाळी होती ती मी पाहिली. तो रोल आहे हे मला कळलं नाही. पूर्वेच्या खिडकीतून त्यावर ऊन येत होतं, मग समईचा उजेड होता, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी आप्पांनी तो मिटला.

तुझं पत्र वाचलं तेव्हाच मला समजलं होतं. तरी मी तुला लिहिलं, मी हात लावलेला नाही.

दिवाळीचा पाडवा झाल्यावर मी आप्पांना दुकानात सांगितलं. ते तूरडाळ तोलत होते. समोर एक बाई पिशवी धरून उभी होती. मी म्हणालो, आज्जा आषाढात कपिलधारला गेले नव्हते.

'मग कुठं गेलते?'

'गेवराईला. अक्काकडं.'

आप्पांनी डाळ पिशवीत ओतली. बाई गेली. मग मी सगळं सांगितलं, रोलचंही. ते तागडीकडे बघत ऐकत होते.

'रोल हाय, ते मी बघितलं व्हतं,' ते म्हणाले. 'मला वाटलं, स्टुडिओ बंद केला तवाचा आसंल. सडलेला. काढून टाकणार व्हतो. पर बाबांच्या हातानं भरलेला, मी कावून काढू? म्हणून ऱ्हाऊ दिला. कुंकू लावलं त्याला बी.'

त्यांनी तागडीचं पारडं पुसून खाली ठेवलं.

'कोण कोण हाय त्यात?'

'अक्का, दाजी, त्यांची आई. आन् शेवटच्यात आज्जा, माऊलीला मांडीवर घेऊन.'

'माऊली कोण?' आप्पांनी विचारलं.

मी सांगितलं, तुमचा नातू. दोन वर्षांचा आहे.

नंतर एक गिऱ्हाईक आलं, त्याला त्यांनी साखरेच्या जागी मीठ दिलं. तो माणूस हसून म्हणाला, शेठ, दिवाळी उतरली न्हाई का अजून. आप्पा आत गेले आणि पोत्यांमध्ये बसून राहिले.

आता मला एक गोष्ट कळते. आज्जांनी कॅमेरा मला दिला, कारण मला त्यातलं काही कळत नव्हतं. कुणाला तरी विचारावंच लागणार होतं, आणि विचारण्यासारखी एकच व्यक्ती होती. त्यांनी इतकं सोपं करून ठेवलं होतं. मला फक्त टपालपेटीपर्यंत चालत जायचं होतं.

रोल पुण्याला पाठवलाय. तो माणूस फोनवर म्हणाला, बाहेरचे पदर जळलेले असणार, आतले काही निघाले तर निघतील. आधी काढलेले फोटो आत असतात ना? आणि शेवटचे बाहेर. हे मी तुला काय सांगतोय.

आप्पांनी हे मुद्दाम केलं नाही. एवढं मान.

तुझा
केदार

*

तेलगाव
८ डिसेंबर २०२४

सुकन्याअक्कास,
केदारचा नमस्कार.

तुझं कार्ड मिळालं. एकच ओळ होती. 'आप्पांना रोल ओळखता येत नाही, हे मी मानणार नाही.'

ती ओळ मी लपवणार होतो. पण या वेळी काहीच लपवायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून आप्पांपुढे ठेवली. त्यांनी चष्मा लावून वाचली आणि म्हणाले, 'बरोबर हाय तिचं. मी बी मानलं नसतं.' कार्ड खिशात घातलं. परत दिलं नाही.

पुण्याहून धुतलेल्या रोलची पट्टी आली. आप्पांनी त्या माणसाला फोन करून सांगितलं होतं, तुकडे करू नका, आख्खी पाठवा. त्यामुळे लांबच लांब गुंडाळी आली, सोबत जेवढे निघाले तेवढे फोटो. काय आहे ते लिहितो.

पहिला फोटो आप्पांचा. गल्ल्यावर, तागडी उचललेली, नजर काट्यावर. त्यांना पत्ताच नाही. आज्जा समोरच्या बाकड्यावर मांडीवर पिशवी घेऊन बसलेले असायचे. त्या कॅमेऱ्यात वरून बघावं लागतं, मान खाली घालून, त्यामुळे आम्हाला वाटायचं म्हातारा पेंगतोय. दुसरा आईचा, गच्चीवर सांडगे घालताना, कपाळावरचा घाम मनगटाने पुसतेय. तिसऱ्यात मी सरकीच्या पोत्यांवर तोंड उघडं टाकून झोपलोय. आई इतकी हसली, की तिला दम लागला. मग एकाएकी रडायला लागली.

तिथून पुढे कडा पांढऱ्या होत जातात. एकात टायरांचा ढीग आणि दाजींचा खांदा. एकात चुलीपाशी वाकलेली बाई, त्या ताराबाईच असणार, तोंडावर पांढरा लोळ. तू एका कोपऱ्यात आहेस. पदर, हात आणि हातातल्या बांगड्या. तोंड नाही. त्यानंतर काहीच नाही.

पट्टीच्या एका टोकाला आप्पा आणि दुसऱ्या टोकाला माऊली, असा आज्जांचा हिशेब असावा. घरापासून सुरू करून तुझ्यापर्यंत. ते टोक पूर्ण काळं आहे, आणि त्याची प्रत काढली तर कोरा पांढरा कागद निघतो.

आप्पांनी तो कागद काढून मागवला. धारूरहून चौकट करून आणली आणि दुकानात तागडीच्या वर लावला. लोक विचारतात, शेठ, ह्यो कशाचा फोटो? ते म्हणतात, आमचे बाबा हायत, आन् माझा नातू. एक जण म्हणाला, दिसत तर कोण न्हाई. आप्पा म्हणाले, 'माझ्या हातनं गेला तो. पर हायत ते त्यात.' रोज दुकान उघडलं की ते ती पट्टी दाराच्या उजेडात धरतात. परवा मला हाक मारली. म्हणाले, बघ, खालच्या कडंला बारका पाय दिसतो. मी बघितलं. मला काही दिसलं नाही. तुला खोटं लिहीत नाही. आप्पांना दिसतो आणि मला दिसत नाही.

मी म्हणालो, आपण गेवराईला जाऊ. ते म्हणाले, 'कोणतं तोंड घेऊन? ती दार उघडंल, आन् मग तिला कवाड लावता यायचं न्हाई. तिला अडचणीत कावून आणायचं.'

त्यांनी दुसरं काहीतरी ठरवलं होतं. पुण्याच्या माणसाकडून एक नवा रोल मागवला. तू पहिल्या पत्रात लिहिलं होतंस तसा मी तो भरला, अंधार करून. दोनदा चुकलो. मग आप्पा बंद पडलेल्या स्टुडिओतून ती उंच पाठीची खुर्ची घेऊन आले, पुसली, दुकानापुढे उन्हात ठेवली आणि त्यावर बसले. ताजी विभूती लावली होती. लग्नातला कोट घातला होता, तो आता बटणं लागत नाहीत इतका आवळ झालाय. समोरचे लोक बघायला जमले.

मी मान खाली घालून काचेत बघितलं. आप्पा डावीकडचे उजवीकडे झालेले, एवढेसे. त्यांची नजर सवयीने खाली गेली.

'आप्पा, मान जरा वर,' मी म्हणालो.

'मागं कुणी धरायला न्हाई ना?'

'न्हाई. एकटेच हाव तुमी.'

'मग काढ.'

त्यांनी वर बघितलं, थेट भिंगात. मी बटण दाबलं. माझ्या आयुष्यातला पहिला फोटो. बरा आला की नाही, मला कळायचा मार्ग नाही.

कॅमेरा या पत्रासोबत तुला पाठवतोय. पेटी आप्पांनी स्वतः बांधली, आत आज्जांच्या धोतराचा उरलेला तुकडा आहे. रोल आतच आहे. निरोप त्यांच्याच शब्दांत लिहितो, मला त्यात हात घालायचा नाही.

'तिला लिही, आत माझा एकच फोटो हाय. पुढचा सगळा रोल मोकळा हाय, तिच्या लेकरासाठी, तिच्या माणसांसाठी. ठेवावा वाटला तर पुढं भर म्हणावं, आन् धुऊन आण. न्हाई वाटला, तर झाकण उघड म्हणावं, मी उघडलं तसं. उन्हात उघड. मी काय बोलणार न्हाई.'

मी म्हणालो, आप्पा, एवढंच? ते म्हणाले, एवढंच हाय माझ्यापाशी.

शेवटच्या फोटोचं मात्र काही करता येत नाही, अक्का. आज्जा पुन्हा माऊलीला मांडीवर घेऊन बसायचे नाहीत. हे मी सगळ्या पत्रांत लिहायचं टाळत आलो.

झाकणाची कळ खालच्या बाजूला आहे. तुला सांगायला नको.

तुझा
केदार